रत्नागिरीचं मत्स्यालय: पोराबाळांसह एक दिवस

आमच्याकडे सुट्टीत पाहुणे आले की मी त्यांना आधी झाडगावच्या मत्स्यालयात धाडते. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं आहे ते. निघण्यापूर्वी वेळ फोनवर विचारून घ्या. सकाळीच गाठा, दुपारी पोरं किरकिरतात.

टाक्यांपुढून पळत सुटू नका. समुद्रघोड्यापाशी थांबा, शेपटीने तो कशाला धरून बसलाय ते पोरांना शोधू दे. पिल्लं जन्मेपर्यंत बाबाच्या पोटातल्या पिशवीत वाढतात म्हटलं की घरातले बाबा लगेच गप्प! काचेवर टकटक मात्र करू देऊ नका, माशांना ते हादरे जाणवतात.

खरी मजा देवमाशाच्या सांगाड्याशी. पन्नास फुटांहून लांब धूड. आधी परांची हाडं दाखवा: आत बोटं असतात, आपल्यासारखी. मग विचारा, हा मासा की सस्तन प्राणी?

जेवणात सुरमई आली की धाकटं हमखास विचारणार, 'हाच का तो?' उत्तर आधीच ठरवून ठेवा.

संध्याकाळी मांडवीची काळी वाळू किंवा भाट्याचं सुरूबन. जाण्याआधी भरती बघा. आमचा हिशेब सोपा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अंदाजच तो, म्हणून पोरांना पाण्यात सोडायचं तर तिथल्या कोळ्यांना विचारा. पावसाळ्यात तर पाण्यात उतरायचंच नाही.