महालक्ष्म्यांचे तीन दिवस फुलं ताजी कशी ठेवावीत

आमच्याकडे महालक्ष्म्या तीन दिवसांच्या. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि जेवण, मूळावर विसर्जन. फुलं मात्र आवाहनाच्या आदल्या दिवशीच आणून ठेवावी लागतात, कारण आमचं गाव दर्यापूर तालुक्यात आडवळणाला आहे आणि सणाच्या सकाळी बाजारात कोण जाणार? म्हणजे फुलांना धरून चार दिवस काढायचे असतात.

काही वर्षांपूर्वी गुलछडीच्या वीस काड्या आणि डझनभर गुलाब आणले होते. तांब्याच्या दोन गडव्यांत बोअरचं पाणी भरून मुखवट्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवले. पूजनाच्या सकाळी पाहते तर गुलाबांच्या माना खाली आणि गुलछडीच्या कळ्या तपकिरी. गडवा उचलला तर नालीसारखा वास. मी फुलवाल्याला बोल लावला. पण शेजारच्या काकूंनी त्याच दुकानातून, त्याच दिवशी आणलेली फुलं विसर्जनापर्यंत टवटवीत होती. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "माय, तू सोता पेशील का त्या गडव्यातलं पाणी?"

तेव्हापासून मी तोच नियम धरला आहे. ज्या भांड्यातलं पाणी आपण पिणार नाही, त्यात फूल ठेवायचं नाही.

फूल का सुकतं

दांडा म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. पाकळ्या आणि पानांतून पाणी उडत राहतं, तेवढं पाणी दांडा खालून ओढून घेतो. नळ्यांत अडथळा आला की भांडं भरलेलं असूनही फूल तहानेनं मरतं. अडथळे मुख्यतः दोन. एक, हवा: कापलेलं टोक उघडं राहिलं की नळ्यांत बुडबुडे शिरतात. दुसरा, जंतू: दांड्यातून झरणारा रस आणि सडलेली पानं यांवर ते पोसतात आणि नळ्यांची तोंडं बुजवतात. गडव्याच्या आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर तो थर जंतूंचाच आहे.

घरचीच फुलं असतील तर

पहाटे तोडा, उन्हं चढायच्या आत. आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी दिलेलं असावं. बकेटमध्ये चार बोटं पाणी घेऊन वावरात जा आणि तोडलेला दांडा लगेच त्यात टाका. ओट्यात फुलं गोळा करून तासाभरानं घरी येणं, यात अर्धं आयुष्य जातं.

कापायला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालतो, पण संत्र्याच्या बागेत वापरलेला असेल तर आधी साबणानं धुवून पुसा, डिंक्या रोग लागलेल्या झाडाची घाण त्यावर असू शकते. बोथट कैचीनं दांडा चेंगरतो आणि नळ्या दबतात. धारदार चाकू सगळ्यात बरा.

बाजारातून आणताना

एसटीत प्लास्टिकच्या थैलीचं तोंड गच्च बांधून फुलं आणू नका. आत वाफ धरते, पाकळ्यांवर पाणी साचतं आणि बुरशी येते. दांड्यांना ओलं फडकं गुंडाळा, वरून वर्तमानपत्राची सैल पुडी करा, पाकळ्या कोरड्या ठेवा. झेंडूचा तर ढीगच लावू नये. ओल्या सोयाबीनची गंजी आतून कशी तापते, तसा झेंडूचाही ढीग तापतो. टोपलीत पातळ थर पसरून वर ओलं फडकं टाकलं की तो व्यवस्थित येतो.

पाणी कोणतं

आमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. इथलं जमिनीतलं पाणी खारट, आणि खारट पाण्यात फुलं लवकर माना टाकतात. उकळून उपयोग नाही, उकळल्यानं पाणी आटतं आणि मीठ होतं तेवढंच राहतं. भाद्रपदात पाऊस असतो, तर पहिल्या सरीनं टिनाचं छत धुऊन गेल्यावर पन्हाळीखाली स्वच्छ बकेट लावा. पाऊस नसेल तर पिण्याच्या कॅनमधलं आरओचं पाणी घ्या. चार गडव्यांना पाच-सहा लिटर पुरतं. भंडारा-गोंदियाकडे तळ्याचं पाणी हाताशी असलं तरी त्यात गाळ आणि शेवाळ येतं, विहिरीचं गाळून घेतलेलं बरं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं गरम येतं, ते तसंच ओतू नका.

भांडं आणि दांडा

भांडं साबणानं घासा, आतल्या तळाशी ब्रश पोहोचवा. काचेची लोणच्याची रिकामी बाटली उत्तम, पण तिचा मिठाचा आणि तेलाचा अंश पूर्ण जायला हवा.

आता दांडे. घमेल्यात पाणी घ्या, दांड्याचं टोक पाण्याखाली धरा आणि तिथेच, पाण्याच्या आत, दोन बोटं तिरपं कापा. बाहेर कापलं तर त्याच क्षणी नळीत हवा शिरते. तिरपं यासाठी, की सरळ कापलेलं टोक भांड्याच्या तळाला चिकटून बसतं. मग पाण्यात बुडतील तेवढी सगळी पानं काढून टाका. एकही ठेवू नका, पाण्यातलं पान दुसऱ्या दिवशी सडायला लागतंच.

घरगुती टॉनिक

एक लिटर पाण्याला साखर एक छोटा चमचा, लिंबाचा रस दोन छोटे चमचे आणि पांढऱ्या कपड्यांचं साधं ब्लीच पाव छोटा चमचा. साखर कळी उमलायला खाऊ पुरवते. लिंबाच्या आंबटपणानं पाणी दांड्यात सहज चढतं. ब्लीच जंतू मारतं. नुसती साखर कधीच घालू नका, तिच्यावर जंतूंचीच मेजवानी होते. आधी पूर्ण लिटरभर पाण्यात ब्लीच ढवळा, मग लिंबू घाला. ब्लीच आणि लिंबू थेट एकत्र केलं तर विषारी वायू सुटतो. हे पाणी लेकरांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवा.

हे टॉनिक तांब्या-पितळेच्या भांड्यात घालू नये. लिंबानं आपण तांब्याची भांडी उजळतो, तेच लिंबू आत बसून धातूला खात राहतं. देवासमोर तांब्याचा गडवाच हवा असेल तर त्यात काचेचा उंच ग्लास बसवा. बाहेरून गडवा दिसतो, पाणी ग्लासात राहतं. मी असंच करते.

पाणी रोज बदला आणि प्रत्येक वेळी दांडा बोटभर नव्यानं कापा. पूजनाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील आणि पुरण यांतून कुणाला सवड नसते, म्हणून मी पुरणाची डाळ शिजायला टाकली की लगेच गडवे उचलते. डाळ होईपर्यंत काम उरकतं.

फुलागणिक

गुलछडी खालून वर उमलते. खालची दोन-तीन फुलं उघडलेली काडी घ्या. रोज सकाळी खालची सुकलेली फुलं खुडा, शेंड्याच्या अगदी बारीक कळ्याही खुडून टाका, त्या बहुधा उमलत नाहीत आणि पाणी मात्र खातात. ग्लॅडिओलसचंही तसंच. पण त्याची काडी आडवी ठेवलीत तर शेंडा आपोआप वर वळतो आणि मग वाकडाच राहतो. आणतानाही उभीच धरा.

गुलाब घट्ट कळीचा नको, पूर्ण उमललेलाही नको. बाहेरच्या पाकळ्या नुकत्या सैल झालेल्या असाव्यात. मान पडलीच तर फेकू नका. दांडा पाण्याखाली पुन्हा कापा आणि अख्खं फूल, दांड्यासकट, पाणी भरलेल्या टोपात तासभर आडवं बुडवून ठेवा. गेल्या वर्षी माझे पाच गुलाब असे झाले होते. तासाभरानं काढले तर चार ताठ उभे राहिले, मानेजवळचा दांडा बोटानं दाबून पाहिला तर पुन्हा टणक लागत होता. पाचवा मात्र गेला. बाहेर काढल्यावर पाकळ्यांतलं पाणी हलकेच झटका.

शेवंती बिनतक्रार टिकते. तिची पानं फुलाच्या आधी पिवळी पडतात, तेवढी काढत राहा. झेंडूचा दांडा पाण्यात फार लवकर सडतो, त्याला दोन बोटंच पाणी द्या. जरबेऱ्यालाही तेवढंच, त्याचा लवदार दांडा खोल पाण्यात मऊ पडतो.

जास्वंद पाण्यात ठेवून उपयोग नाही, ती एका दिवसाचीच. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या तोडून ओल्या फडक्यात ठेवा, सकाळी देवाला उमललेली मिळेल. मोगऱ्याच्या कळ्याही ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवाव्यात. हार करून ठेवायचे असतील तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, पण तिथून फळं आधी काढा.

जागा

पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्यानं फुलं लवकर म्हातारी होतात. महालक्ष्म्यांपुढे केळी, सीताफळं मांडतो आणि फुलांचे गडवे त्यांना खेटून ठेवतो, तिथे हातभर तरी अंतर सोडा. उन्हाळ्यात आंब्याची अढी ज्या खोलीत असेल तिथे फुलं नकोतच.

समईची धग, खिडकीचं ऊन आणि पंख्याचा थेट वारा, तिन्ही टाळा. मे महिन्यात, चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा, कूलरच्या खोलीतली ओलसर हवा फुलांना मानवते, फक्त झोताच्या समोर ठेवू नका. रात्री सगळे झोपल्यावर गडवे उचलून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, बहुतेक घरांत माठाशेजारी, नेऊन ठेवा आणि पहाटे परत मांडा. एवढ्यानं एक दिवस तरी वाढतो.

बाजारच्या फुलांवर औषध फवारलेलं असतं, म्हणून त्यांच्या पाकळ्या नैवेद्याच्या ताटात घालू नयेत आणि विसर्जनानंतर बकरीपुढेही टाकू नयेत. खतखड्ड्यात टाका. टॉनिकचं पाणी तुळशीला न घालता नालीत ओता, आणि गडवे, ग्लास त्याच दिवशी घासून कोरडे करून पालथे ठेवा.