जुन्या रॅमशेजारी वेगळी रॅम लावण्याआधी: तयारीची यादी

आमच्या घरच्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा सातव्या पिढीचा आय५-७४०० आहे, एच११० चिपसेटचा मदरबोर्ड आहे आणि दोन स्लॉटांपैकी एकात ४ जीबीची डीडीआर४-२४०० रॅम आहे (डीडीआर४ ही रॅमची पिढी, २४०० हा वेग). भाच्याने नवा पीसी घेतला, तेव्हा त्याच्या जुन्यातली ८ जीबीची ३२००ची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, माझ्याकडे आली. कंपनी वेगळी, वेग वेगळा, क्षमता वेगळी. ती तशीच रिकाम्या स्लॉटात दाबून बटण सुरू करावं असं क्षणभर वाटलं. तसं केलं नाही, आधी दोन संध्याकाळी तयारीत घालवल्या. त्या तयारीचा क्रम इथे लिहितो आहे, कारण विजोड रॅम नीट चालते की डोकेदुखी होते हे बहुतेक वेळा स्क्रू काढण्याआधीच ठरलेलं असतं.

पहिली गोष्ट, रॅम खरंच कमी पडते आहे का ते बघा. रोजचं काम सुरू ठेवा, ब्राउझरचे नेहमीचे टॅब उघडे असू द्या आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या टॅबखाली मेमरी पाहा. आकडा सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवण्यात अर्थ आहे. मेमरी निम्मी मोकळी असून डिस्क मात्र १०० टक्क्यांना चिकटलेली असेल, तर दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं आहे. तिथे आधी एसएसडी बसवा. हाती थोडेच पैसे असतील आणि पीसी अजून हार्ड डिस्कवर चालत असेल, तर मी तरी कुणालाही आधी रॅम घ्या असं सांगणार नाही. त्याच मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत आणि रॅम सध्या किती वेगाने चालते आहे हेही दिसतं. ते दोन्ही आकडे कागदावर उतरवून घ्या, शेवटी लागतील.

सारखी जोडी घेणं केव्हाही चांगलं, यात वाद नाही. पण २०२५ सालच्या उत्तरार्धात एआय सर्व्हरांच्या मागणीने मेमरीचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत घरातली चालू स्टिक ड्रॉवरमध्ये टाकून नवी जोडी घ्या, हा सल्ला सगळ्यांना परवडणारा नाही. शिवाय स्टिकवरचं नाव कोणाचंही असलं, तरी आतल्या चिप बहुतेक करून सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडूनच येतात. त्यामुळे कंपनी वेगळी म्हणून रॅम चालणार नाही असं मुळीच नाही. बघायचं ते दुसरंच असतं.

सर्वांत आधी पिढी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकींच्या जागी बसत नाहीत. डीडीआर३ला २४० पिना असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ला २८८, पण या दोघींची खाच वेगळ्या जागी असते. व्होल्टेजही निराळं: डीडीआर३ १.५, डीडीआर४ १.२ आणि डीडीआर५ १.१ व्होल्ट. आता मेख अशी, की नुसत्या प्रोसेसरच्या पिढीवरून रॅमची पिढी नक्की ठरत नाही. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे बोर्ड डीडीआर३चेही निघाले आणि डीडीआर४चेही. बाराव्यापासून चौदाव्या पिढीपर्यंत तोच प्रकार डीडीआर४ आणि डीडीआर५चा. एएमडीकडे हे सोपं आहे, एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४ आणि एएम५ म्हणजे डीडीआर५. म्हणून "सातव्या पिढीचा पीसी आहे, रॅम द्या" असं दुकानात सांगून भागत नाही. सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवा आणि मदरबोर्डचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. मग त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात कमाल क्षमता, वेग आणि स्लॉटची संख्या बघा. आमच्या एच११०वर सातव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर रॅम २४००च्या वर जात नाही. म्हणजे भाच्याची ३२००ची स्टिक इथे २४००नेच चालणार. त्यात काही बिघडत नाही. पण हेच काम मी पैसे देऊन करत असतो, तर ३२००साठी एक रुपयाही जास्त मोजला नसता.

ब्रँडेड छोटा डेस्कटॉप किंवा ऑल-इन-वन असेल तर झाकण उघडून एकदा प्रत्यक्ष बघाच. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत लॅपटॉपची आखूड रॅम असते.

आता स्टिकवरचं लेबल, आणि इथे थोडा जास्त वेळ द्या. पीसी पूर्ण बंद करून (रीत पुढे दिली आहे) जुनी स्टिक काढा आणि दोन्ही स्टिकांच्या लेबलांचे मोबाइलवर स्पष्ट फोटो घ्या. लेबलवर ८ जीबी, १आरएक्स८, पीसी४-२४००टी-यूए२ असा काहीसा मजकूर असतो. पीसी४ म्हणजे डीडीआर४, २४०० हा वेग. त्याला चिकटून येणारं अक्षर टायमिंगचं, म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते त्याचं: २४००टी म्हणजे सीएल१७, २६६६व्ही म्हणजे सीएल१९ आणि ३२००एए म्हणजे सीएल२२. काही लेबलांवर वेगाऐवजी बँडविड्थचा आकडा छापतात, त्याला ८ने भागलं की वेग मिळतो. १९२०० म्हणजे २४००, २५६०० म्हणजे ३२००. डॅशनंतरचं अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. यू असेल तर ती साधी डेस्कटॉपची रॅम. एस असेल तर लॅपटॉपची. आर असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम, आणि ती साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही. ती स्लॉटात अगदी मापात बसते आणि सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळते, म्हणूनच माणूस फसतो. चिपच्या रांगेच्या मध्यावर एक वेगळी चिप दिसली तर शंका घ्या.

मग १आरएक्स८चा अर्थ. आरच्या आधीचा आकडा रँकचा (म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपच्या गटांचा), एक्सनंतरचा प्रत्येक चिपच्या रुंदीचा. एका स्टिकवर १आर आणि दुसरीवर २आर असलं तर सहसा काही अडत नाही. १आरएक्स१६ असलेली डीडीआर४ स्टिक मात्र मी टाळतो. तिच्यावर चारच चिप असतात आणि एक्स८ चिपमध्ये चार बँक ग्रुप असतात तिथे हिच्या चिपमध्ये दोनच, त्यामुळे त्याच वेगालाही ती थोडी मागे पडते. फुकट मिळत असेल तर घ्या, विकत घेऊ नका.

डीडीआर३चा पीसी असलेल्यांसाठी एक खास सूचना. "फक्त एएमडीसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त डीडीआर३ स्टिका इंटेलच्या बोर्डांवर चालत नाहीत, कारण त्यांच्यावर एक्स४ रुंदीच्या चिप असतात. विकणारा ते दोन शब्द दर वेळी ठळक छापतोच असं नाही. तसंच एच६१ आणि एच८१च्या दोन स्लॉटांच्या बोर्डांची मर्यादा एकूण १६ जीबी, म्हणजे एका स्लॉटात ८. तिथे १६ जीबीची एकच स्टिक लावायचा विचार सोडून द्या.

वेगळ्या वेगांच्या स्टिका एकत्र आल्या की काय होतं? प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची बारकी चिप असते, तिच्यात त्या स्टिकचा मानक वेग आणि टायमिंग लिहिलेलं असतं. सुरू होताना बायोस (पीसी सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) ते सगळं वाचतो आणि सर्वांना झेपेल असा वेग धरतो. गाडीला जुंपलेल्या दोन बैलांसारखं आहे, चाल मंद बैलाची. इथवर काळजीचं कारण नाही. काळजी सुरू होते ती एक्सएमपी किंवा एक्स्पो ही बायोसमधली जास्त वेगाची तयार प्रोफाइल चालू केल्यावर. या प्रोफाइलमध्ये स्टिक मानकापेक्षा जास्त वेगाने चालते, डीडीआर४ तर बहुधा १.३५ व्होल्टवर. प्रोफाइल एका स्टिकचं असतं आणि ते लादलं जातं दोघींवर. म्हणून विजोड रॅम लावताना आधी एक्सएमपी बंद करा. सगळं सुरळीत चाललं, तपासणी झाली, की मग हवं तर एकेक पायरी वेग वाढवून बघा.

हे मी एवढं जीव तोडून का सांगतो, त्याचं कारण एका मित्राचा पीसी. तो डीटीपी करतो. त्याच्या एएमडी रायझनच्या पीसीत आधीच्या ८ जीबीशेजारी एका दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची ८ जीबी लावून दिली आणि एक्सएमपी तसंच ३२००वर चालू ठेवलं. पीसी सुरू व्हायचा, दिवसभर चालायचा. आठवड्याभराने दिवाळी अंकाच्या दोन फाइली उघडेनात. एका झिपमधले फोटो अर्धे करडे दिसू लागले. सगळ्यांना वाटलं हार्ड डिस्क गेली. तपासणीत दिसलं, की दोन्ही स्टिका एकेकट्या निर्दोष होत्या, ३२००वर जोडीने मात्र चुकत होत्या. वेग २६६६वर आणला आणि चुका शून्यावर आल्या. पण अंकाची ती पानं पुन्हा लावावी लागली, आणि तोवर खराब झालेली फाइल त्याने पेनड्राइव्हवरच्या बॅकअपवरही चढवली होती. रॅममधली चूक आवाज करत नाही. ती जे काही सेव्ह होतं त्यात जाऊन बसते.

क्षमता वेगळी असली तरी ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन स्टिका एकाच वेळी जोडीने वापरण्याचा फायदा, पूर्ण हातचा जात नाही. आमच्याकडे ४ आणि ८ मिळून १२ जीबी होतात. त्यांतले दोन्ही बाजूंचे चार-चार असे ८ जीबी जोडीने चालतात, उरलेले ४ एकेरी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर या जोडीचा फायदा जास्त जाणवतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. चार स्लॉटांच्या बोर्डावर दोनच स्टिका असतील तर बहुतेक ठिकाणी प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट भरायचा असतो, तरी मॅन्युअल बघून खात्री करा. चारही स्लॉट भरणार असाल तर वेग उतरू शकतो हे गृहीत धरा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेला दोन डीडीआर५ स्टिकांसाठी अधिकृत वेग ५२००चा आहे, चार लावल्या की तो ३६००वर येतो. त्यामुळे डीडीआर५च्या पीसीत दोनाच्या चार करण्यापेक्षा जुन्या दोन विकून मोठ्या दोन घेतलेल्या बऱ्या.

विकत घेणार असाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तापकीर गल्लीत जा की ऑनलाइन मागवा, परत करायची मुदत बिलावर लिहून घ्या. जुन्या स्टिकचा फोटो दाखवून तसाच वेग, तोच रँक आणि तेच टायमिंग मागा. सापडली तर उत्तम. नाही सापडली तर जास्त वेगाची चालेल, कमी वेगाची नको.

उघडायचा दिवस असा निवडा, की पुढचे दोन दिवस पीसीवाचून अडणार नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख किंवा छपाईचा आदला दिवस नको. आदल्या रात्री महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या, आणि आधीचा बॅकअप पुसू नका. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल केल्यावर तो कधी कधी ती मागतो. मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर एका पेनड्राइव्हवर चढवून तयार ठेवा, कारण पीसी सुरू झाला नाही तर हे करायला दुसरा पीसी शोधावा लागेल.

शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे विंडोज पूर्ण बंद होतं. एसएमपीएसचं (पीसीला वीज देणाऱ्या मागच्या डब्याचं) बटण बंद, वायर काढलेली, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या न रंगवलेल्या लोखंडाला हात लावा आणि मग स्टिक कडेने धरा. डिसेंबर-जानेवारीत देशावरची हवा कोरडी असते, स्वेटरवरून हात फिरला तरी ठिणगी उडते, तेव्हा हे विसरू नका. जुन्या स्टिकचे सोनेरी संपर्क काळपट दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. खोडरबरने हलकेच घासतात तेही चालतं, पण त्याचा भुगा स्लॉटात पडू देऊ नका. खाच जुळवा आणि दोन्ही टोकं खट् आवाज होईपर्यंत दाबा.

पण दोन्ही एकदम लावू नका. आधी जुनी काढून ठेवा, नवी एकटीच लावा आणि मेमटेस्टचा एक पूर्ण फेरा होऊ द्या. नवी स्टिक सदोष असेल तर ते परतीच्या मुदतीत कळायला हवं. मग जोडी लावा. पहिल्या वेळी पडदा काळा राहिला तर घाबरू नका. डीडीआर५च्या बोर्डाला पहिल्यांदा रॅम ओळखायला काही मिनिटं लागू शकतात. एरवी बीप ऐकू आले किंवा काहीच झालं नाही, तर वीज बंद करून स्टिका पुन्हा दाबून बसवा, स्लॉट अदलाबदल करा, आणि तरीही नाही जमलं तर बायोसचा सेल काही मिनिटं काढून मग परत लावा.

जोडीने सुरू झाला की बायोसमध्ये एकूण क्षमता आणि वेग बघा, आणि रात्री झोपताना मेमटेस्ट लावून द्या, किमान चार फेरे. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्यच हवं. एक चूक म्हणजे थोडीशी चूक नव्हे. वेग एक पायरी खाली आणा आणि पुन्हा रात्रभर लावा. मानक वेगालाही चूक आली तर ती जोडी तोडा.

आमच्याकडे चार फेऱ्यांनंतर शून्य आलं. मेमरीच्या पानावर १२ जीबी, वेग २४००, दोन्ही स्लॉट भरलेले. कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. कोणत्या स्लॉटात कोणती स्टिक, कोणत्या तारखेला लावली, एक्सएमपी बंद, मेमटेस्ट चार फेरे, शून्य.