इथेनॉलवालं पेट्रोल टाकताय? आधी गाडी तपासून घ्या

सगळ्यात आधी पेट्रोलच्या झाकणापाशी आतल्या बाजूला स्टिकर आहे का बघा, नसेल तर मॅन्युअल काढा. तिथं ई१० किंवा ई२० असं लिहिलेलं असतं, म्हणजे जास्तीत जास्त तेवढे टक्के इथेनॉल गाडीला चालतं. त्याच्या वर जायचं नाही, स्वस्त मिळत असलं तरी. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) फक्त फ्लेक्स फ्युएल गाड्यांसाठी, म्हणजे इथेनॉलचं प्रमाण कमी-जास्त झालं तरी चालेल अशा बनवलेल्या.

आता मायलेज. ते थोडं पडणारच, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे ई१० ला ३ टक्के आणि ई२० ला ६-७ टक्के फरक नुसत्या हिशोबानेच निघतो. त्याहून बरंच जास्त पडत असेल तर इथेनॉलला शिव्या घालायच्या आधी टायरमधली हवा, एअर फिल्टर, प्लग बघा. आणि मोजायचं टँक फुल टू फुल, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका.

फायदा आहे की. ऑक्टेन, म्हणजे इंधनाची वेळेआधी न पेटण्याची ताकद, वाढतो त्यामुळे नॉकिंग (इंजिनातला ठकठक आवाज) कमी होतं, पण इंजिन त्या हिशोबाने बनवलेलं असेल तरच खरी मजा. धुरातला कार्बन मोनॉक्साइडही कमी होतो, जुन्या गाड्यांत जास्तच. पर्यावरणाचं म्हणाल तर पीक कुठलं, त्याला पाणी-खत किती लागलं यावर सगळं आलं, सरसकट हिरवं इंधन वगैरे मला पटत नाही.

जुन्या गाडीत खरी डोकेदुखी रबराची. साधे रबरी पाइप, सील इथेनॉलने फुगतात, मग कडक होऊन तडकतात, म्हणून बोनेट उघडून पाइप बोटांनी दाबून बघा, चिकट लागला किंवा बारीक चिरा दिसल्या, पेट्रोलचा वास आला तर लगेच बदला. टाकीच्या तळाचा गाळही इथेनॉल सोडवतं आणि तो पेट्रोलच्या फिल्टरमध्ये येऊन बसतो, तेव्हा सुरुवातीलाच एकदा फिल्टर बदलून टाका. कार्ब्युरेटर असेल तर मेकॅनिककडून मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) सेट करून घ्या, कारण इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सेन्सर बघून इंधन ॲडजस्ट करतो, कार्ब्युरेटर तसं काही करत नाही.

किती इथेनॉल आहे बघायचंय? खुणा असलेल्या काचेच्या उभ्या नळीत १०० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, हलवून ठेवून द्या (मोकळ्या हवेत, आसपास आग नको). खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही, २० च्या आसपास गेला तर साधारण १० टक्के, ३० ला टेकला तर २०. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं म्हणून थर वाढतो.

टाकीत पाणी शिरलं तर हेच होतं, इथेनॉल पाण्यासोबत वेगळं होऊन तळाशी बसतं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या जागेतली दमट हवा कमी होते. पाणी वेगळं झालं असेल तर गाडी झटके देते, सुरूच होत नाही, अशावेळी सेल्फ मारत बसू नका आणि वरून ताजं पेट्रोलही ओतू नका, टाकी खाली करून साफच करावी लागते.