गोड वाईनची द्राक्षे: कुजीची वाट पाहू नका, काडी कापा

फ्रान्समध्ये बुरशी लागलेल्या द्राक्षांची महागडी गोड वाईन होते, मग आपल्या घडांवरची करडी बुरशी का चालू नये? वाईनची बाग असणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. उत्तर आहे: नाही चालत. बुरशी तीच, बोट्रायटिस. पण ती कोणत्या वेळी आणि कोणत्या हवेत येते यावर सगळं ठरतं.

फ्रान्समधल्या सोतर्न या गोड वाईनच्या भागात सिरों ही थंड पाण्याची छोटी नदी उबदार गारोनला मिळते. तिथे शरद ऋतूत पहाटे धुकं धरतं आणि दुपारी ऊन पडून घड कोरडे होतात. त्या वेळी मणी पिकलेले असतात आणि साल अखंड असते. बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, त्यातून पाणी उडतं आणि साखर घट्ट होते. दिवसभर ओल राहिली तर तीच बुरशी घड सडवते. म्हणून तिथे एकाच बागेत पुन्हा पुन्हा फिरून तयार झालेलेच मणी तोडतात. उत्पादनाची कमाल मर्यादाही हेक्टरी २५०० लिटरची आहे.

सांगलीतल्या पलूस, तासगाव, कवठेमहांकाळकडे हा मेळ उलटा बसतो. दव-धुकं डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा मण्यात पुरेशी साखर नसते. साखर भरते तेव्हा सकाळही कोरडी. अवकाळी पडलाच तर त्यानंतर ऊन तापतं, आणि ३० अंशांच्या पुढे बोट्रायटिस मंदावून काळी बुरशी, म्हणजे अ‍ॅस्परजिलस, जोर धरते. तिच्या काही जाती ऑक्राटॉक्सिन हे विष तयार करतात. त्यात फळमाशी आली की घडाला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. असा घड क्रेटमध्ये एकही जाऊ देऊ नका.

आपल्याकडे आहे तो कोरडा वारा, ज्यावर बेदाणा होतो. तोच वापरा. शेनिन ब्लांसारख्या पांढऱ्या वाणाचे घड २२-२३ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आले की घड धरलेली काडी ओलांड्याजवळ, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीजवळ, कापायची आणि घड तारेवरच सुकू द्यायचे. नुसते घड वेलीवर ठेवून दिले तरी गोडी चढते, पण आपल्या उन्हात आम्ल झपाट्याने उतरतं आणि वाईन पाकासारखी मिळमिळीत होते. काडी कापल्यावर वेलीकडून येणारं पाणी तुटतं, मणी लवकर आकसतो आणि आम्ल बरंच टिकतं. परदेशात यासाठी पुढच्या हंगामाच्या काड्या वेगळ्या राखाव्या लागतात. आपण खरड छाटणीत, म्हणजे हंगामानंतरच्या छाटणीत, या काड्या काढणारच असतो, त्यामुळे ही पद्धत इथे सोपी जाते.

कापण्याआधी काड्या तारेला नीट बांधून घ्या, नाहीतर वजनाने घड खाली येतात. ओलांड्याला कात्री लावू नका. प्रत्येक वेलीवर साधारण तिसरा हिस्सा काड्या न कापता पानांसह ठेवा; मुळांत अन्नाचा साठा त्यांच्यामुळेच जातो. त्यांवरचे घड साध्या वाईनसाठी आधी तोडून घ्या. घडांवरची पानं काढू नका, पश्चिमेच्या उन्हाने मणी भाजतात. ड्रिप कमी करा, पण एकदम बंद नको. पाखरांसाठी जाळी कापण्याच्या आधीच लावा. भुरीने तडकलेले आणि पिठ्या ढेकणाने चिकट झालेले घड त्याच फेरीत काढून टाका.

बेदाण्याची सवय इथे नडते. बेदाणा लवकर सुकावा म्हणून वापरतात ते डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण अजिबात मारू नका, त्याने रसाचा सामू वाढतो. गंधकाची धुरीही नको, यीस्ट चालत नाही. गंधकाची फवारणी तोडणीच्या किमान ३५ दिवस आधी थांबवा, नाहीतर वाईनला कुजक्या अंड्याचा वास येतो. मण्याचं वजन घटतं तेव्हा कीडनाशकाचे अंश किलोमागे वाढतात, म्हणून लेबलवरचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी ते तोडणी यांतलं अंतर, काठोकाठ धरू नका.

दिवस मोजून तोडणी ठरवू नका. दर दोन-तीन दिवसांनी दोन्ही बाजूंच्या, वरच्या-खालच्या घडांतले १०० मणी घ्या, वजन करा आणि चेचून एकत्र रसाचा ब्रिक्स पाहा. ब्रिक्स वाढताना वजन उतरत असेल तर सुकणं बरोबर चाललंय. साधा रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं यंत्र) ३२ पर्यंतच वाचतो. त्यापुढे रसात तेवढ्याच वजनाचं डिस्टिल्ड पाणी मिसळा आणि आकडा दुप्पट करा. लक्ष्य ३० ठेवा. पावसाचा अंदाज असेल तर २७-२८ लाच तोडलेलं बरं.

३० ब्रिक्सच्या रसात लिटरला ३०० ग्रॅमच्या वर साखर असते. आंबवणं १२ टक्के अल्कोहोलवर थंड करून थांबवलं तर १०० ग्रॅमच्या वर शिल्लक राहते, गोडी तीच. सुकलेले मणी रस सोडायला वेळ घेतात, म्हणून प्रेस हळू चालवायला सांगा.

दर मात्र काडी कापण्याआधी वायनरीशी लेखी ठरवा. २२ ब्रिक्सची १०० किलो द्राक्षं ३० ला येताना सुमारे ७३ किलो उरतात. साध्या द्राक्षाला किलोला ४० रुपये मिळत असतील, तर इथे ५५ रुपये म्हणजे फक्त बरोबरी. जाळी, जादा मजुरी आणि अवकाळीची जोखीम त्यावर धरा. वायनरी तेवढं देत नसेल तर २३ ब्रिक्सला तोडून मोकळे व्हा.