पानावरचं घड्याळ चालतं ठेवायचं कसं

लातूरच्या मोंढ्यात मामांची अडत आहे. रोजचे भाव आणि चालू वेळ दिसावी म्हणून त्यांना एक वेब पान करून दिलं. दुकान उघडताना त्यावर ९:१२ होते. दुपारी मामा डबा खायला बसले तरी ९:१२च. म्हणाले, "भाच्या, बंद घड्याळ भिंतीवर हायच की. ह्ये दुसरं कशाला?"

पान उघडताना स्क्रिप्ट, म्हणजे पानातला छोटा प्रोग्राम, एकदाच चालते, म्हणून वेळ तिथंच गोठते. आधी मी मेटा रिफ्रेश, म्हणजे ठराविक वेळानं पान आपोआप पुन्हा उघडायची सूचना, लावून बघितला. त्यात अख्खं पान नव्यानं येतं आणि मुनीमजींनी अर्धवट टाइप केलेले भाव पुसले जातात. तो नाद सोडा.

आधी पानाच्या एचटीएमएलमध्ये एक रिकामा स्पॅन (मजकूर ठेवायची जागा) घ्या आणि त्याला आयडी, म्हणजे ओळखीचं नाव, द्या 'घड्याळ'. मराठी आयडी चालतो, फक्त मध्ये स्पेस नको. मग जावास्क्रिप्टमध्ये 'दाखव' नावाचं फंक्शन लिहा. त्यात 'न्यू डेट'नं आत्ताची वेळ घ्यायची, 'टू लोकेल टाइम स्ट्रिंग'नं तिची अक्षरं करायची आणि स्पॅनच्या 'टेक्स्ट कंटेंट'मध्ये ठेवायची. लोकेल, म्हणजे भाषा आणि देशाचा कोड, 'एमआर-आयएन' दिलं की अंक मराठीत येतात. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' दिला, तर दुबईतल्या भावालाही मोंढ्यातलीच वेळ दिसेल.

आता 'दाखव' एकदा लगेच चालवा, नाहीतर पहिला सेकंद जागा रिकामी दिसते. त्याखाली फंक्शन ठराविक वेळानं पुन्हा पुन्हा चालवणारं 'सेट इंटरव्हल' लावा: आधी फंक्शनचं नाव, मग १०००, म्हणजे हजार मिलिसेकंद. इथं नावापुढे कंस नको. कंस दिला की फंक्शन तिथल्या तिथं एकदा चालतं आणि घड्याळ पुन्हा बंद. कोडमधला हजार इंग्रजी अंकांतच टाका, देवनागरी अंकांवर स्क्रिप्ट अडते.

खरी चूक पुढं होते. बरेच जण वेळ एकदाच घेतात आणि दर फेरीला एक सेकंद मिळवत बसतात. पण हजार मिलिसेकंद म्हणजे बरोबर सेकंदाला, असं ब्राउझर कबूल करत नाही. टॅब मागं गेला की तो फेऱ्या कमी करतो. क्रोम तर काही वेळानं मिनिटातून एकदाच फंक्शन चालवतो. मोजणारं घड्याळ असं मागं पडतं. दर फेरीला नव्यानं वेळ विचारणारं मात्र टॅब समोर आला की लगेच बरोबर होतं.

अंकांची रुंदी कमीजास्त असल्यानं आकडे थरथरत असतील तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'फॉन्ट-व्हेरियंट-न्युमरिक'ला 'टॅब्युलर-नम्स' द्या.

एवढं करूनही मामांचं पान एकदा चुकलंच. लाइट गेली, आली, आणि पानावर भलतीच वेळ. ब्राउझर वेळ कंप्युटरलाच विचारतो, आणि त्या जुन्या डब्याच्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपला होता. सेल बदलला, विंडोजमध्ये वेळ आपोआप घेण्याचं सेटिंग चालू केलं. कोडला हात लावावा लागला नाही.