लॅपटॉपसाठी एसएसडी घेताय? आधी मागचं झाकण उघडून बघा

मावसभावाच्या लॅपटॉपसाठी मी घेतलेली पहिली एसएसडी (हार्डडिस्कची जागा घेणारी, चिपवर साठवणारी वेगवान ड्राइव्ह) स्लॉटमध्ये चपखल बसली. स्क्रू लावला, लॅपटॉप चालू केला, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात, तिचा पत्ताच नाही. दोनदा काढून परत बसवली. शेवटी तिच्या सोनेरी टोकाकडे नीट पाहिलं, तर तिथे दोन खाचा. साटा आणि एनव्हीएमई या ड्राइव्ह जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती. ड्राइव्ह साटा होती आणि स्लॉट फक्त एनव्हीएमई ओळखणारा.

अशा पट्टीसारख्या ड्राइव्हवर लिहिलेलं एम.२ हे नुसतं आकाराचं नाव आहे, एवढं तेव्हा माहीत असतं तर परतीची खेप वाचली असती. सहसा एक खाच म्हणजे एनव्हीएमई आणि दोन म्हणजे साटा. सहसाच, कारण दोन खाचांच्या काही एनव्हीएमईही निघाल्या आहेत. म्हणून खोक्यावरचं वाचून घ्या.

लांबीतही लोक फसतात. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३०च मावते. आखूड ड्राइव्ह लांब जागेत पट्टी जोडून बसवता येते, लांब ड्राइव्ह मात्र कापता येत नाही! लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक पूर्ण उतरवून घ्या आणि कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा. जुन्या, हार्डडिस्कवाल्या लॅपटॉपला बहुतेक वेळा अडीच इंची साटाच लागते. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी ही साठवणीची चिप बोर्डावरच डकवलेली असते, वेगळा स्लॉटच नसतो.

वेगाच्या आकड्यांना भुलू नका. साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीला थांबते, जेन ३ (तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई ३,५००च्या आसपास, जेन ४ सात हजारांपर्यंत जाते. जेन ४ ची ड्राइव्ह जेन ३ च्या स्लॉटमध्ये चालते, पण जेन ३ च्याच वेगाने. हार्डडिस्कवरून एसएसडीवर आलात की फरक लगेच जाणवतो. त्यापुढचा फरक ब्राउझर, एक्सेल, टॅली वापरणाऱ्याला कळतही नाही. ते पैसे ५१२ जीबीऐवजी १ टीबीत घाला. आणि ५१२ ची विंडोजमध्ये ४७६ दिसली तर दुकानदाराशी भांडू नका, विंडोजची मोजणी वेगळी आहे. मेमरी कार्डाच्या भावात ‘१६ टीबी’ विकणाऱ्याशी मात्र व्यवहारच नको.

बायोसमध्ये दिसते पण विंडोजमध्ये नाही? कोरी ड्राइव्ह अशीच वागते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी (डिस्कच्या आखणीची पद्धत) निवडून इनिशियलाइझ करा, म्हणजे वापरासाठी तयार करा, मग फॉरमॅट. कुठली डिस्क निवडलीत ते दोनदा बघा. विंडोज नव्याने टाकताना यादी रिकामी आली, तर अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपमध्ये बहुधा व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची सोय) आडवं आलेलं असतं. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तिथेच लोड करा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण जुनं विंडोज त्याच लॅपटॉपवर चालवायचं असेल तर ते मग सुरूच होणार नाही.

क्लोन करण्याआधी, म्हणजे जुनी ड्राइव्ह नवीवर जशीच्या तशी उतरवण्याआधी, बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बघा. विंडोज ११ मध्ये तो अनेकदा आपल्याला न विचारताच चालू असतो. तो बंद करा, आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह केलेली की ती की मागणाऱ्या निळ्या पडद्यापुढे काही कामाची नाही.