शब्दकोडं अडलं? या चुका टाळा

बाकी सगळं भरून झालंय, एका कोपऱ्यात दोन-तीन शब्द रिकामे आहेत आणि ते काही केल्या सुचत नाहीत. अशा वेळी वाटतं, आपला शब्दसंग्रहच तोकडा. मी कित्येक वर्षं रोज एक तरी कोडं सोडवते आणि माझं मत नेमकं उलट झालंय. अडलेल्या शब्दात खोट क्वचितच असते. शेजारी आपण खात्रीने भरलेला एखादा शब्द चुकलेला असतो.

परवाचंच बघा. आडवा शब्द, तीन घरं, क्लू 'ढग'. 'मेघ' दोनच अक्षरांचा, म्हणून 'जलद' लिहिलं. शेवटच्या 'द'वरून खाली उतरणारा क्लू होता 'आरसा', तिथे 'दर्पण' अचूक बसला आणि माझी खात्री पटली. मग पहिल्या 'ज'वरून उतरणाऱ्या उभ्या शब्दाचा क्लू 'घरटं', उत्तर दोन अक्षरी. मधल्या 'ल'वरून 'सूर्य', तोही दोन अक्षरी. 'ल'पासून सुरू होणारं सूर्याचं नाव मी किती वेळ आठवत बसले! शेवटी 'जलद' खोडला तेव्हा सगळं भराभर सुटलं. घरटं म्हणजे 'नीड', सूर्य म्हणजे 'रवी' आणि ढग म्हणजे 'नीरद'.

एकाच शब्दाला छेदणारे दोन शब्द एकदम अडले, तर त्या दोघांवर वेळ घालवू नका. आधी तो मधला शब्द खोडा.

शेवटचं अक्षर जुळलं म्हणून निर्धास्त होणं

वरची चूक माझ्या हातून झाली त्याला कारण आहे, आणि ते कारण कळलं की निम्मी शब्दकोडी सोपी होतात. पाण्याला जल, नीर, वारि, अंबु अशी नावं आहेत. त्यांना 'द', म्हणजे देणारा, जोडला की ढग तयार होतो: जलद, नीरद, वारिद, अंबुद. 'ज', म्हणजे जन्मलेलं, जोडला की कमळ: जलज, नीरज, वारिज, अंबुज. पाणी साठवून ठेवणारा तो समुद्र: जलधी, वारिधी, अंबुधी. कमळासाठी याखेरीज पंकज आणि सरोज आहेतच, एक चिखलात जन्मलेलं, दुसरं तळ्यात.

म्हणजे 'ढग' या क्लूला तीन अक्षरी चार उत्तरं, आणि चौघांच्याही शेवटी 'द'. तिथे 'द' जुळला यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून आता तीन घरांचा 'ढग' दिसला की मी फक्त शेवटच्या घरात 'द' लिहिते आणि 'कमळ' दिसलं की 'ज', तोही पेन्सिलीने पुसट. पहिली दोन घरं उभ्या शब्दांनी भरू द्यावीत. अर्धवट शब्द तसाच ठेवायला सुरुवातीला जीव होत नाही, पण ही सवय लावून घ्याच.

घरं मोजताना गल्लत

नव्याने कोडी सोडवू लागलेल्यांची सगळ्यात जास्त अडचण इथे होते. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर येतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग सगळं त्याच घरात. जोडाक्षर कितीही मोठं असलं तरी त्यालाही एकच घर. 'चांदणं, दोन अक्षरी' हा क्लू बघून माझ्या भाचीने सरळ सांगितलं, "मावशी, असा शब्दच नाही." उत्तर होतं 'ज्योत्स्ना': ज्यो, त्स्ना. तसंच 'स्वातंत्र्य' तीन घरांत मावतं, 'दुःख' दोन घरांत. लिहिताना लांबलचक दिसणारे शब्द घरांच्या हिशेबात आखूड निघतात. त्यामुळे शब्द मनात म्हणून बघू नका, कागदाच्या कडेला अक्षरं सुटी करून मांडा.

ल की ळ, ऱ्हस्व की दीर्घ

'कमल' आणि 'कमळ' दोन्ही बरोबर, 'दल' आणि 'दळ' दोन्ही बरोबर. मग घरात काय लिहायचं? अनेक जण अंदाजाने एक लिहून मोकळे होतात आणि मग उभा शब्द अडतो. याची उकल बऱ्याचदा त्या घरातच असते. शेवटच्या घराच्या कोपऱ्यात आकडा आहे का बघा. आकडा असेल तर तिथून उभा शब्द सुरू होतो, आणि मराठीत 'ळ'ने सुरू होणारा शब्द नाही. म्हणजे तिथे 'ल'च हवा, शब्द 'कमल'च हवा. हीच युक्ती जोडाक्षरांनाही लागू पडते. 'ष्ट्य' किंवा 'त्त्व' यांनी कुठला शब्द सुरू होत नाही, त्यामुळे जिथून उभा शब्द निघतो त्या घरात 'वैशिष्ट्य' किंवा 'महत्त्व' संपूच शकत नाही. घरातला आकडा नुसता क्लू शोधण्यासाठी वापरणं म्हणजे हातातली माहिती वाया घालवणं.

ऱ्हस्व-दीर्घाचं प्रकरण थोडं नाजूक आहे. 1962 साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार संस्कृतातून आलेले कवि, गुरु हे शब्द मराठीत सुटे लिहिताना कवी, गुरू असे दीर्घ होतात, पण समासात पहिला शब्द म्हणून आले की ऱ्हस्वच राहतात: कविराज, गुरुवर्य. आता आडवा शब्द 'कवी' आणि त्याच्या 'वी'वरून खाली उतरणारा शब्द 'विहीर' असेल तर? काही कोडेकार असं चालवून घेतात, काही अजिबात नाही. आपला कोडेकार कुठल्या पंथाचा हे कळायला एकच मार्ग आहे: त्याच्या जुन्या कोड्याचं छापून आलेलं उत्तर घ्या आणि जिथे शब्द एकमेकांना छेदतात तिथल्या वेलांट्या तपासा. दोन-तीन उत्तरांत अंदाज येतो. बहुतेक लोक उत्तर बघतात ते फक्त आपलं बरोबर आलं का यासाठी, आणि हे बघायचं राहून जातं.

क्लूचा पहिलाच अर्थ धरून बसणं

क्लू एकाच शब्दाचा असेल तर थांबा आणि त्याचे निदान तीन अर्थ मोजा. 'अंक' म्हणजे आकडा, नाटकाचा भाग, आणि मांडीही. 'कर' म्हणजे हात, किरण, सरकारी वसुली, हत्तीची सोंड. 'सर' पावसाची असते, मोत्यांची असते, आणि 'याला त्याची सर नाही' म्हणतो तेव्हा बरोबरी असते. 'मित्र' या क्लूला 'सखा', 'दोस्त' काही बसत नसेल तर तो सूर्य आहे.

उलट बाजूनेही हेच होतं. क्लू 'दात', घरं दोन. दंत, रद हे पटकन आठवतात, 'द्विज' आठवत नाही. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला. दुधाचा दात पडून पुन्हा येतो म्हणून दात द्विज, आधी अंडं आणि मग अंड्यातून पिल्लू म्हणून पक्षी द्विज, मुंज हा दुसरा जन्म मानला म्हणून ब्राह्मण द्विज. तीन वेगवेगळे क्लू आणि उत्तर एकच. हा 'ज' तोच, कमळाच्या शेवटी आलेला. म्हणून मी शब्दांच्या याद्या पाठ करण्याच्या विरोधात आहे. 'ज', 'द' असे तुकडे ओळखीचे झाले की कधीही न ऐकलेला शब्दसुद्धा घरात बसवता येतो.

व्याकरणाबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती सोपी आहे. क्लू 'फुले' असेल तर उत्तर 'सुमने', 'सुमन' नाही. क्लू 'पळाला' असेल तर 'धावला', 'धावणे' नाही. क्लू एखाद्या वाक्यात घाला, त्याच्या जागी आपलं उत्तर ठेवा. वाक्य अडखळलं तर उत्तर चुकलं.

सामान्यज्ञानाच्या क्लूत अर्धवट आठवणीवर विसंबणं

कवींची टोपणनावं हा कोडेकारांचा आवडता प्रांत, आणि त्यात दोन जोड्या हमखास फसवतात. पहिली: वि. वा. शिरवाडकर म्हणजे कुसुमाग्रज, राम गणेश गडकरी म्हणजे गोविंदाग्रज. दोन्ही पाच घरांची, दोन्हींच्या शेवटी 'ग्र' आणि 'ज'. दुसरी: कृष्णाजी केशव दामले म्हणजे केशवसुत, प्रल्हाद केशव अत्रे म्हणजे केशवकुमार. पहिली तीन अक्षरं तीच, अर्थही तोच, केशवाचा मुलगा! फरक घरांचा: पाच आणि सहा. क्लूमध्ये नुसतं 'कवीचं टोपणनाव' असेल तर घरं मोजल्याशिवाय आणि दुसरं एखादं अक्षर हाती आल्याशिवाय लिहू नका. अग्रज म्हणजे आधी जन्मलेला, थोरला भाऊ. कुसुम ही शिरवाडकरांची बहीण. हे एकदा कळलं की नाव डोक्यातून जात नाही, आणि 'थोरला भाऊ, तीन अक्षरी' हा क्लूही आपोआप सुटतो.

भूगोलाच्या क्लूत कोडं कधी छापलं गेलं हे बघायचं राहतं. कझाकस्तानची राजधानी, तीन अक्षरी, पहिलं 'अ'. आजचं उत्तर 'अस्ताना'. पण 1997 पर्यंत राजधानी होती 'अल्माटी', तीही तीन घरांची आणि 'अ'चीच. 2019 ते 2022 या काळात तर त्याच अस्तानाचं नाव नूर-सुलतान होतं. जुन्या कोड्यांचा संग्रह सोडवत असाल तर आधी पुस्तकाचं छपाईचं वर्ष बघा. त्यात ग्रहही नऊ असतील, कारण प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं ते 2006 साली.

पेनाने लिहिणं, आणि घाईने उत्तर शोधणं

जगातलं पहिलं मानलं जाणारं, आर्थर विन यांनी रचलेलं शब्दकोडं 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आलं. 1924 साली शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा प्रकाशकांनी प्रत्येक प्रतीला एक पेन्सिल जोडून दिली होती. त्यांना वाचकाची गरज बरोबर कळली होती. पेनाने लिहिलेलं अक्षर खोडता येत नाही, म्हणून त्यावर शंका घ्यायलाही मन धजत नाही. माझा 'जलद' शाईत असता तर मी आणखी तासभर 'ल'चा सूर्य शोधत राहिले असते.

मोबाइलवर उत्तर शोधायला माझी हरकत नाही. फक्त क्रम बदला. अडलं की कोडं तासभर बाजूला ठेवा, परत आल्यावर संशयित शब्द खोडून बघा, आणि तरीही नाही सुटलं तर खुशाल शोधा. पण शोधलेला शब्द घरात भरून तिथेच सोडू नका, तो कसा घडला हे वहीत टिपून ठेवा. माझ्या वहीत कालची नोंद आहे 'नग'. क्लू होता 'पर्वत', घरं दोन. 'ग' म्हणजे जाणारा. आकाशात जातो तो खग, छातीवर सरपटत जातो तो उरग, वेगाने जातो तो तुरग. आणि जो जागचा हलतच नाही, तो नग.